दुसऱ्यांदा वाजलं तरच

“एकदा वाजलं तर उघडायचं नाही,” बाबाजी बॅगेची चेन ओढत पुन्हा म्हणाले. “दुसऱ्यांदा वाजलं तरच.”

दत्तप्रसादने मान डोलावली. वेंगुर्ल्याहून येऊन त्याला जेमतेम आठवडा झाला होता. पहिल्या दिवशी हे ऐकून तो हसला होता. आता हसू पार आटलं होतं.

अमिरातीतल्या खोर फक्कानच्या डोंगराखाली अरबाबाची, म्हणजे मालकाची, शेती होती आणि तिच्या फाटकाशी इंग्लंडातल्या कुठल्याशा जहागिरीची दगडी देवडी. अरबाबाच्या ती मनात भरली, म्हणून दगड न् दगड उतरवून, नंबर घालून त्याने ती कंटेनरमधून आणवली. पैसा असला की माणसाला काय वाटेल ते सुचतं. इथे ती पुन्हा रचली बाबाजींनी. तेव्हा ते गवंडी होते. पुढे काळजाने दगा द्यायला सुरुवात केली, तसं अरबाबाने त्यांना तिथेच, देवडीतल्या खोलीत, राखणीला बसवलं.

दगडांबरोबर तिथला राखणदारही आला, असं बाबाजींचं ठाम मत होतं. जन्मभर दुसऱ्यांच्या गाड्यांना फाटक उघडणारा कुणी गोरा म्हातारा. सूर्य डोंगराआड गेला की तो थकूनभागून घरी येई आणि दारावर एकदा वाजवी. पहिल्या संध्याकाळी दत्तप्रसाद उघडायला उठला, तर बाबाजींनी त्याचा दंड घट्ट धरला.

“ते एकदाच वाजवतं. माणूस असला तर पुन्हा वाजवतो. गावात शिकला नाहीस?”

शिकला होता. आजीने हेच सांगितलं होतं, आणि सहा संध्याकाळी त्याने स्वतःच्या कानांनी ऐकलं होतं. अरबाबाचा इंजिनियर म्हणे, लाकूड तापतं, निवतं, त्याचा आवाज. इंजिनियर इथे राहत नव्हता.

आज बाबाजी चार वर्षांनी घरी निघाले होते, ते कायमचे. त्यांच्या बायकोने, प्रभावतीकाकूंनी, सकाळपासून तीनदा फोन करून कुडाळला कधी पोचणार ते विचारलं होतं. बॅग उचलताना बाबाजींना दम लागला. जिभेखाली गोळी ठेवून, डबी खिडकीत टेकवून ते दोन मिनिटं बसले. मग कंपनीचं सिमकार्ड काढून त्यांनी दत्तप्रसादला दिलं. जाणाऱ्याने सिम मागे ठेवायचं, ही इथली रीत.

पाइपासाठी रस्ता खणलेला, त्यामुळे विमानतळावर सोडणाऱ्या शाहबाजची गाडी खाली मोठ्या रस्त्यावर थांबली होती. दत्तप्रसाद बॅग घेऊन सोबत निघाला, तर बाबाजींनी त्याला दारातच अडवलं.

“फाटक सोडायचं नाही. यल्ला, आत जा. ऊन मरणाचं आहे.”

दत्तप्रसाद आत आला. एसी वाढवला, पडदा ओढला. त्या जाड भिंतींच्या आत भर दिवसाही दिवा लावावा लागे. आजपासून आपण एकटे. गावाकडचे फोटो बघत तो किती वेळ बसला, त्याचं त्यालाच कळलं नाही.

ठक.

तो जागच्या जागी गोठला. श्वास धरून दुसऱ्या आवाजाची वाट पाहू लागला. तो आला नाही. फक्त दाराला घासत काहीतरी खाली गेल्यासारखं वाटलं. हे बाबाजींनी सांगितलं नव्हतं. त्याने डोळे मिटले आणि रवळनाथाचं नाव घेतलं.

बराच वेळ काही झालं नाही. हळूहळू त्याच्या अंगात धीर आला. पहिल्याच दिवशी, एकट्याने, तो चुकला नव्हता. बाबाजी पोचले की त्यांना सांगायचं, असं ठरवून त्याने चहा टाकला. तेवढ्यात फोन वाजला. शाहबाज होता, म्हसळ्याचा.

“अरे, चाचांना पाठव ना लवकर. गोळ्यांची डबी राहिली म्हणून परत गेले, अर्धा तास झाला. फ्लाइट चुकेल त्यांची.”

दत्तप्रसादने पडदा सारला. डबी तिथेच होती. बाहेर रस्त्यावर अजून पिवळं ऊन होतं.

“इथं तर कुणीच आलं नाही,” तो म्हणाला.

बोलता बोलता रस्त्यावरचं ऊन सरलं, सूर्य डोंगराआड गेला, आणि दारावर रोजच्यासारखं एकदा वाजलं.