छकुलीच्या हळदीचं गाणं

लॅपटॉप पुन्हा अडकला तेव्हा मनकर्णाबाई दाराशी चपला काढत होत्या. हर्षलने गोठलेली स्क्रीन जागी होते का पाहिलं, मग बटण दाबून धरलं आणि आतला पंखा थांबेपर्यंत मान वर केली नाही.

उद्या हळद होती. गाणं अर्धंही झालं नव्हतं.

संग्रामपुरात वडिलांच्या बियाण्यांच्या दुकानामागच्या खोलीत हर्षल लग्नाची गाणी तयार करून द्यायचा. नवरीचं नाव गुंफलेलं गाणं, हळदीला वाजवायला. ऑर्डरी बऱ्या यायच्या, पण लॅपटॉप कॉलेजच्या दिवसांतला. चार वाद्यं एकावर एक चढवली की तापायचा, घरघरायचा आणि बंद पडायचा. मागच्या महिन्यात एका घरचं गाणं लग्न लागून गेल्यावर तयार झालं. नवरीच्या भावाने दुकानात येऊन सगळ्यांदेखत त्याला सुनावलं. तेव्हापासून हर्षलचे वडील इंद्रभान गल्ल्याशेजारी त्याच्यासाठी एक खुर्ची रिकामी ठेवत होते. ही ऑर्डर झाली की गाणी सोडून त्या खुर्चीत बसायचं, असं हर्षलने ठरवून टाकलं होतं.

त्याने मनकर्णाबाईंना खरं ते सांगितलं. मशीन साथ देत नाही, गाणं दुसऱ्या कुणाकडून करून घ्या. बोलणी खायची त्याची तयारी होती.

मनकर्णाबाईंनी पदराने तोंड पुसलं. सातपुड्याच्या पायथ्याच्या गावाहून भर उन्हात जीपने आल्या होत्या. वांगी-मिरचीचा मळा करणारी, साठीला टेकलेली बाई.

"त्याले तरास होत असन तं थोडा दम घेऊ दे त्याले," त्या म्हणाल्या. "हळद उद्या संध्याकाळी हाये."

आणि पिशवीतून भाकर न् ठेचा काढून त्याच्यापुढे ठेवला. तो सकाळपासून उपाशी होता. गिऱ्हाइकाने असं काही आणल्याचं त्याला आठवत नव्हतं.

खाता खाता त्याने नवरीची चौकशी केली. छकुली हे लाडाचं नाव, गाण्यात तेच हवं होतं. नवरीच्या आईने एक कडवं म्हटलं तर गाणं चांगलं उठतं, तिला घेऊन येता का, असं त्याने विचारलं.

"तिले माय नाई. लय वर्सं झाले."

"मंग तुमी कोण तिच्या, मावशी?"

मनकर्णाबाई जराशा हसल्या. "मीच सांभाळत आली तिले आजलोक."

मग ते कडवं तुम्हीच म्हणा, असं हर्षलने सुचवलं. त्यांनी आढेवेढे घेतले. मळ्यात निंदताना गुणगुणणं वेगळं, हे वेगळं, म्हणाल्या. पण त्याने माईक पुढे सरकवल्यावर पदर सावरून ताठ बसल्या.

आवाज टिपताना कूलर बंद ठेवावा लागे. दार लावलं की खोलीची भट्टी व्हायची. तिसऱ्या ओळीपाशी लॅपटॉप हटकून अडकायचा. शेवटी हर्षलने एकेक ओळ घ्यायला सुरुवात केली. ओळ झाली की साठवायची, दार उघडायचं, कूलर लावायचा. तेवढ्या वेळात मनकर्णाबाई बियाण्याच्या खोक्याचा पुठ्ठा घेऊन लॅपटॉपला वारा घालत बसायच्या, तापाच्या माणसाला घालतात तसा. तीच ओळ कितीदा मागितली तरी कुरकुर नाही.

'नको भिऊ ग छकुले, पुढचं घर तुझंच' या ओळीला त्यांचा आवाज कापला. पुन्हा म्हणते, म्हणाल्या. हर्षलने ती तशीच राहू दिली.

तरीही सगळं गाणं एकत्र चालवलं की लॅपटॉप बसायचा. म्हणून हर्षलने त्याच्यावरचं ओझं उतरवायला घेतलं. आधी कीबोर्ड गेला, मग सनई, मग तो छाती हादरवणारा बास, ज्याच्याशिवाय हळदीचं गाणं होतच नाही असं तो धरून चालला होता. उरलं डफडं, टाळ्या आणि उन्हात वाळल्यासारखा तो एक आवाज. लॅपटॉपने गाणं पहिल्यापासून शेवटपर्यंत वाजवलं. हर्षल ऐकत राहिला. असं काही आपण आजवर केलेलं नाही, हे त्याला पहिल्या कडव्यातच कळलं होतं.

मनकर्णाबाई डोळे मिटून बसल्या होत्या.

"मले आजलोक कोनं गाणं म्हण म्हटलं नोतं, बाबू," त्या म्हणाल्या. "तुहे उपकार झाले. या मशीनचे बी."

उपकार कुणाचे कुणावर, हे हर्षलला सांगायचं होतं, पण शब्द जुळेपर्यंत त्या जीप गाठायला निघाल्या. उद्या नक्की ये, जेवूनच जा, असं बजावून गेल्या.

दुकानात इंद्रभानांनी भिंतीपलीकडून सगळं ऐकलं होतं. त्यांनी गल्ल्याशेजारची खुर्ची उचलून मागच्या खोलीत आणून ठेवली. गायला येतील त्यांना बसायला खुर्ची लागेल, एवढंच म्हणाले.

दुसऱ्या संध्याकाळी हर्षल पेनड्राइव्ह घेऊन गावात पोचला, तेव्हा मांडव भरला होता. आभार आज तरी मानायचेच, म्हणून तो मनकर्णाबाईंना शोधत फिरला. त्या ना चुलीपाशी होत्या, ना पाहुण्यांत. कामात असतील, असं म्हणून त्याने पेनड्राइव्ह साऊंडवाल्याकडे दिला आणि एका खांबाला टेकून उभा राहिला.

डफड्यावर पहिली थाप पडली. नवरीला बाहेर आणा, असं कुणीतरी आत सांगितलं. आवाज जिथे कापला होता त्या ओळीपाशी गाणं आलं, आणि दारात बायकांची हालचाल झाली.

घरातल्या दोघी सुनांनी नवरीला हाताला धरून आणलं, पाटावर बसवलं आणि तिच्या, म्हणजे मनकर्णाबाईंच्याच, गालांना हळद लावली.