उजळ भिंगं

वैजयंतीने माहेरच्या दारातच वडिलांकडे पाहिलं आणि हातातली पिशवी खाली टाकली. "आई, बाबा केवढे पिवळे पडलेत! तुला दिसत नाही?"

शालनताईंना खरंच दिसत नव्हतं. आयुष्यभर सरकारी दवाखान्यात नर्स म्हणून राबलेल्या त्या. कावीळ लांबून ओळखायच्या. पण मोतीबिंदू काढून नवी भिंगं बसवल्यापासून त्यांना हणमंतराव रोज टवटवीतच दिसत होते.

तपासण्यांत हणमंतरावांचं यकृत बरंच बिघडलेलं निघालं. दुसऱ्याच दिवशी शालनताई नवऱ्याला आणि मुलीला घेऊन डोळ्यांच्या डॉक्टरांसमोर जाऊन बसल्या.

"ही भिंगं माणसांचे चेहरे जरा उजळून दाखवतात," डॉ. कर्णिक म्हणाले. "पेशंटना प्रसन्न वाटतं. आजवर कुणाची तक्रार नाही."

"तक्रार करायला आधी दिसायला नको? मला विचारलं होतंत?"

डॉक्टरांनी संगणकावरून ती करामत बंद केली. शालनताई नवऱ्याकडे वळल्या. गाल खोल गेलेले, डोळे गर्द पिवळे. त्यांनी हणमंतरावांचा हात घट्ट धरला.

"आता यांच्या उपचारांचं बघा," डॉक्टर हळूच म्हणाले.

"वैजू, बाबांना मोठ्या दवाखान्यात घेऊन जा. मी मागून येते." मग त्या डॉक्टरांकडे वळल्या. "ही भिंगं बसवलेल्या प्रत्येकाला फोन लावा. माझ्यासमोर. तोवर मी या खुर्चीतून हलणार नाही."