छोटं भांडं

व्हीगन म्हणजे दूध-अंडीही आपणहून सोडलेली माणसं, हे ऑफिसातल्या चहावाल्या मावशींना मी चारदा समजावलं होतं. “एका कपासाठी वेगळं भांडं कोण चढवणार?” म्हणत त्या मला नुसतं गरम पाणी द्यायच्या. मग शेजारच्या टेबलावर नवा इंजिनिअर आला. डॉक्टरांनी त्याचं दूध, लोणी, अंडी सगळं बंद केलेलं. दोघं झालो, तसं मावशींनी छोटं भांडं काढलं. सात महिने आम्ही खिडकीपाशी कोरा चहा प्यायलो, बिस्किटांच्या पुड्यांवरची बारीक अक्षरं एकमेकांना वाचून दाखवली. आज तो नाचतच आला. “रिपोर्ट नॉर्मल! सुटलो बुवा एकदाचा!” “अरे वा!” मी म्हणाले, जरा जास्तच जोरात. दुधाचा चहा घेऊन तो पलीकडच्या घोळक्यात मिसळला. मावशींनी छोटं भांडं विसळून पालथं घातलं, माझ्या पाठीवरून हात फिरवला आणि म्हणाल्या, “येईल गं, तुझाही रिपोर्ट चांगला येईल.”