नाईकाच्या विहिरीचं साल

तो लेख घरात आल्यापासून तीन दिवस सदाशिवरावांना जेवण गोड लागलं नव्हतं.

यवतमाळच्या इतिहास मंडळाचं षण्मासिक आलेला प्रत्येक लेख नाव झाकून दोन परीक्षकांकडे पाठवायचं. शिवाय ज्याचं जुनं मत लेखात खोडलेलं असेल, त्यालाही तो वाचायला द्यायचं. परीक्षकांचं एकमत झालं नाही तर त्याचंच म्हणणं अखेरचं धरायचं. हा नियम संपादक असताना सदाशिवरावांनीच मोठ्या तोऱ्यात घातला होता. आता टाइप केलेली अकरा पानं घेऊन तो नियम त्यांच्याच उमरखेडच्या घरी आला होता.

अकरा पानांचा मतलब एवढाच होता: भीमसिंग नाईकाच्या तांड्यावरची विहीर १८६४ सालची, असं सदाशिवरावांनी तीस वर्षांपूर्वी छापलं, ते चूक. मोडी कागदावर नुसतं 'सन १२८१' आहे, पुढचा कोपरा फाटलेला. सदाशिवरावांनी तो सन हिजरी धरला. तो फसली, म्हणजे सारावसुलीचा सन होता. म्हणजे विहीर १८७१ची.

सात वर्षांनी असं काय बिघडतं? बरंच बिघडतं. मधल्या काळात रेल्वे आली आणि बैलांवर माल लादून फिरणाऱ्या तांड्यांचा धंदा बसला. म्हणजे विहीर भरभराटीत हौसेनं खोदलेली नव्हती. फिरणं संपलं, आता इथंच राहायचं, म्हणून खोदलेली होती. ज्या लेखानं सदाशिवरावांचं जिल्हाभर नाव झालं, त्या लेखाचा पायाच उखडला.

सगळ्यात वाईट म्हणजे हे त्यांना बारा वर्षांपासून ठाऊक होतं. त्याच हाताचा दुसरा कागद नाईकांच्या घरी निघाला, त्यावर 'फसली' स्वच्छ लिहिलेलं होतं. त्यांनी त्याची नक्कल करून आणली, कपाटात तळाशी घातली आणि चूप बसले. सत्काराच्या भाषणात कोणी विहिरीचं नाव काढलं की शालीखाली त्यांना घाम फुटायचा.

लेख ममता राठोडचाच, याबद्दल त्यांना शंका नव्हती. त्याच तांड्यावरची पोर, त्यांच्याच हाताखाली मोडी शिकलेली, आता पुसदला प्राध्यापक. पहिल्या दिवशी त्यांना तिचा राग आला. दुसऱ्या दिवशी स्वतःचा आला. 'पुरावा अपुरा' एवढे दोन शब्द लिहिले असते तर लेख परत गेला असता आणि अब्रू शाबूत राहिली असती. तिसऱ्या दिवशी त्यांनी ते दोन शब्द लिहूनही पाहिले आणि कागद फाडला.

चौथ्या दिवशी सकाळी त्यांनी अभिप्राय लिहिला: 'लेखकाचे बरोबर आहे. माझे चुकले. लेख छापावा.' लिहून झाल्यावर इतकं मोकळं वाटलं, की त्यांनी दोनदा चहा मागितला.

हात थरथरायला लागल्यापासून त्यांचं सगळं लिखाण, पत्रं आणि नकला त्यांच्या पत्नी इंदूबाईच चांगल्या अक्षरात उतरवून देत. त्यांनी चष्मा लावला, कागद वाचला आणि पुन्हा पहिल्यापासून वाचला.

"हे असंच पाठवाचं?"

"असंच."

"लिहिणाऱ्यावर राग नाही तुमचा?"

"राग कायचा? बारा वर्षांचा धोंडा उतरवला त्यानं माह्या छातीवरचा."

इंदूबाई मान खाली घालून लिहू लागल्या. पण सदाशिवरावांनी परीक्षकी सवयीनं शेवटी एक खोच मारली होती: लेखकास 'तथापि' या शब्दाचा फार सोस आहे. शब्द तसा त्यांच्याच लेखणीतला. ममतानं तिथूनच उचलला असणार. इंदूबाईंचा पेन नेमका तिथं अडला.

"हे कायले? असू द्या न एखाद्याचं."

"अकरा पानात चौदा आहेत."

"मोजत बसले तुम्ही?"

इंदूबाईंनी ते वाक्य उतरवलंच नाही. चूकही कबूल करायची आणि वर खुसपटंही काढायची, हे बायकोला बरं दिसलं नसेल, असं धरून सदाशिवरावांनी सही केली. त्या दुपारी ते चार वाजेपर्यंत गाढ झोपले.

रविवारी ममता आली. सदाशिवरावांनी तिला बसूही दिलं नाही. लेख चांगला जमला आहे आणि आपण तो छापायला सांगितला आहे, हे एका दमात सांगून टाकलं. ममताचा चेहरा उतरला.

"सर, तो लेख माझा नाही," ती म्हणाली. "मी परीक्षक होती. सांगू नये, पण तुमच्याशी खोटं बोलवत नाही. मी नकार कळवला. लेख खरा होता, पण तुम्हाले खोटं पाडाले माझा हात नाही धजला."

सदाशिवरावांनी तिला शिष्य म्हणून आधी रागावून घेतलं. हेच शिकवलं का तुला, म्हणाले. मग त्यांनाच हसू आलं. त्यांना हसताना पाहून ममताच्या डोळ्यांत पाणी आलं. महिनाभर जीव टांगणीला लागला होता, म्हणाली. इंदूबाईंनी दोघांपुढे पोह्यांच्या बशा ठेवल्या.

मग लेख कोणाचा? सदाशिवरावांनी नागपूरपासून नांदेडपर्यंतची सगळी नावं घेऊन पाहिली.

"कोणी का असेना," इंदूबाई म्हणाल्या. "खरं लिहिलं न? मग सुखानं खा."

पंधरा दिवसांनी इंदूबाई बाजारात गेल्या असताना टपाल आलं. मंडळाचं पाकीट होतं. आपल्या अभिप्रायाबद्दल आभार मानले असतील, म्हणून सदाशिवरावांनी ते उभ्याउभ्याच फोडलं. आत संपादक नेमसिंग जाधवांचं पत्र निघालं: 'आपला लेख स्वीकारला आहे. दिवाळी अंकात पहिल्या पानावर घेत आहोत.'

लेखकाचं पत्र अभिप्राय देणाऱ्याच्या घरी! नेमसिंग माणूस हुशार, पण पाकिटं भरताना घोटाळा करून बसला, असं म्हणत सदाशिवराव एकटेच हसले. पत्र परत पाठवायला हवं होतं. त्यांनी पाकीट उलटून पाहिलं.

गाव उमरखेड होतं, गल्ली हीच होती, घरही हेच होतं. नाव तेवढं त्यांचं नव्हतं.

सौ. इंदूबाई सदाशिवराव चिंचोलकर.