हिरवी वडी

"आई, उंदरांच्या औषधाची वडी अर्धीच उरलीय!" सून कपाटामागून ओरडली. आमच्या कुत्र्याच्या, ढब्बूच्या मिशांना हिरवा भुगा चिकटला होता. तो मात्र शेपटी हलवत चेंडू मागत होता. "ठणठणीत आहे की! राईचा पर्वत करू नकोस, उद्या बघू," हे म्हणाले. माहेरची आमची कुत्री चिंगीही अशीच वडी खाऊन अशीच खेळली होती आणि बाबाही "उद्या बघू" म्हणाले होते. तिसऱ्या दिवशी तिच्या हिरड्यांतून वाहू लागलेलं रक्त थांबलंच नाही. मी उरलेली वडी पाकिटासकट घेतली, ढब्बूला उचललं. "गाडी काढा, आत्ता!" दवाखान्यात पाकीट वाचून डॉक्टरीणबाईंनी ओकारीची सुई टोचली. ढब्बू हिरवंगार ओकला. "वेळेत आणलंत. तरी महिनाभर गोळ्या द्या, हिरड्या फिकट पडत नाहीत ना, लक्ष ठेवा." घरी आल्यापासून हे सारखे त्याचा ओठ उचलून विचारतात, "गुलाबीच आहेत ना गं?"