वशिंडापुढची वीतभर जागा

मेलेल्या बैलाच्या मानेवर, वशिंडाच्या पुढे, वीतभर जागेतले केस अखंड होते. जू टेकते ती ही जागा. कामाच्या बैलाचे केस तिथे झडतात आणि कातडी माणसाच्या टाचेसारखी कडक होते. युनूसने ती जागा दोनदा दाबून पाहिली. मऊ होती, वासराच्या मानेसारखी.

युनूस गुरांच्या दवाखान्यातला, उमरखेडहून सायकलने आला होता. परवाच्या वादळात बंजाऱ्यांच्या या तांड्यात मोहाच्या झाडाखाली वीज पडून चार बैल गेले होते. शेतीकामाच्या बैलाला सरकारची मदत मिळणार होती. तीन पंचनामे झाले होते. हा चौथा.

त्याने जबडा उघडून दात पाहिले. "दहा-बारा वर्षांचा असंल."

"बारा वर्षांत जू नाही लागलं?" पंचनामा लिहायला बसलेला पटवारी त्या मऊ मानेकडे बघून हसला. "हरिसिंग, बैल होता का जावई?"

दुसरं कोणी हसलं नाही. हरिसिंगाच्या अंगठ्याला पटवाऱ्याने आधीच शाई लावून ठेवली होती. तो त्या शाईकडे पाहत होता. "हलकं काम देत होतो," तो म्हणाला.

मागे सगळा तांडा उभा होता. त्यांचा नायक लखीराम काठीवर हनुवटी टेकून जमिनीकडे बघत होता. काल रात्री तोच म्हणाला होता, "हरिसिंगाचा एक बैल हिवाळ्यात गेला. जोडी मोडली. हा त्याच्या नावावर लागू द्या. कोनाचं काय जाते?" सगळ्यांनी माना हलवल्या होत्या. हरिसिंगाच्या बायकोने, रुपीबाईनेही.

तिच्या ओढणीखाली कवड्यांचा पट्टा होता. उजाडायच्या आधी तिनेच तो बैलाच्या गळ्यातून काढला होता. गळा फुगला होता, गाठ सुटेना. शेवटी विळ्याने कापावा लागला. त्यातली एक कवडी तिची होती. मागच्या साली पोरगी तापली तेव्हा तिने तिला याच बैलाच्या खुरांपाशी निजवलं होतं, आणि ताप उतरल्यावर ती कवडी ओवली होती. बाकीच्या कवड्या बाकीच्या आयांच्या.

युनूसचं बोट गळ्याखाली थांबलं. तिथले केस मात्र घासलेले होते, दोन बोटं रुंद, गळ्याभोवती सबंध गोल. त्याने वर पाहिलं. पुरुषांकडे, मग बायकांकडे. रुपीबाईने ओढणी आवळली तशा कवड्या एकमेकींवर वाजल्या.

उठून त्याने हात मातीने घासले.

"लिवा," तो पटवाऱ्याला म्हणाला. "बैल शेतीकामाचा. मालक हरिसिंग." मग कोणाकडेच न बघता, हलक्या आवाजात, "पेरनी तोंडावर आली. जोडी तर लागंलच."

तो रागावला असता तर बरं झालं असतं, असं रुपीबाईला वाटलं.

पटवाऱ्याने जुन्या राज्याच्या छापील कागदावरचं 'मध्यप्रदेश' खोडलं, वर 'मुंबई' लिहिलं आणि खाली हरिसिंगाचं नाव घातलं. कागद पुढे सरकवला. हरिसिंग वाकला.

रुपीबाई दोघांच्या मधून पुढे गेली. बैलापाशी बसून तिने ओढणीतला पट्टा काढला आणि त्याच्या गळ्याभोवती घातला. कापलेली टोकं जुळेनात. तिने ती दोन्ही हातांनी ओढून पाहिली, मग तशीच धरून ठेवली.

"ए," हरिसिंग म्हणाला.

"याहिचा अंगठा नका घेऊ, डाक्टरसाहेब," ती बैलाकडे पाहतच म्हणाली. "हा देवाले सोडेल बैल हाय. सकाळपासून सांगीन सांगीन म्हनून राह्यली. आमची जोडी मोडेलच हाय. तसंच लिवा."