चहाच्या वेळचा ताप

प्रयोगशाळेत घडवलेला विषाणू नामदेवरावांच्या पोटातल्या कर्करोगाच्या गाठीत टोचून डॉक्टर म्हणाले, "ताप भरला तर घाबरू नका. औषध कामाला लागलंय असं समजा."

तेव्हापासून तारनाक्याच्या घरात इंदुताई नवऱ्याला ताप यायची वाट बघत होत्या. आठव्या दिवशी नामदेवरावांनी थर्मामीटर पुढे केला. एकशे एक! इंदुताईंनी देवापुढे साखर ठेवली, लेकीला फोन लावला. मग रोज चहाच्या वेळी ताप भरू लागला.

एकदा थर्मामीटर पुसताना त्याला चहाची साय चिकटलेली दिसली. इंदुताईंनी नवऱ्याच्या कपाळावर हात ठेवला. कपाळ थंडगार होतं.

"आहे ना ताप?" नामदेवरावांनी विचारलं.

"आहे की."

दुसऱ्या दिवशी इंदुताईंनी वाफाळता कप थर्मामीटरशेजारी ठेवला. "गार व्हायच्या आत घ्या," म्हणाल्या, आणि बाहेर येऊन दार ओढून घेतलं.